चांगला पेंढा भरणारा

शिकारीच्या कातड्यात पेंढा भरायला डेलला गावातला सगळ्यात चांगला माणूस नकोच होता. चांगला माणूस आधी कातडं उलटं करून बघतो, आणि डेलची भानगड नेमकी तिथंच होती. त्यानं आणलेल्या एल्कला, त्या थोराड हरणाला, त्याच्याच गाडीनं उडवलं होतं. गोळी त्यानं मागाहून घातली, मढ्याला. आणि मढ्याच्या भोकाभोवती रक्त साकळत नाही. मोंटानात शिकारीच्या थापा सगळेच मारतात, पण रस्त्यावरचं मढं भिंतीवर टांगणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

पण बाप, आर्ने, ऐकेना. "रॉस्कोकडेच टाक. माझा एल्क त्यानंच भरलाय. चाळिशीत तुझ्या पहिल्या शिकारीचं डोकं भिंतीवर येतंय, ते तरी धड दिसू दे!" घरात भिंतीवर टांगलेल्या त्या एल्कच्या डोक्याखाली बसून डेलनं तीस वर्षं जेवणाबरोबर असले टोमणे गिळले होते.

रॉस्कोनं कातडं टेबलावर उलटं पसरलं. कोरड्या भोकावरून अंगठा फिरवला, मग खांद्यावरच्या काळ्यानिळ्या डागाशी थांबला.

"तूच मारलास?"

"मग काय झाडावरून पडला?" डेल हसायला गेला.

"कुठल्या रस्त्यावर?"

डेलनं दार लोटून घेतलं. "रॉस्कोकाका, बाबांना सांगू नका. जगू नाही देणार ते मला."

रॉस्कोनं सुरी पुसली.

"तीस वर्षांत आर्नेच्या एल्कबद्दल कुणाला काही बोललोय का रे मी?"