पिवळा दगड

रंगाऱ्याने मोजणीचं चाक दुसऱ्यांदा ढकलत फाटकापाशी आणलं आणि आकडा पाहून कान खाजवला.

"मास्तर, पुन्हा तेच. फाटकापासून पिवळ्या दगडापर्यंत तेराशे दहा मीटर."

मास्तर गळ्यातल्या घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले.

शेजारी त्यांची मुलगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. नुकतीच धावून आली होती. फाटकापासून निघायचं, दगडाला वळसा घालायचा, परत फाटकाशी यायचं. बाराशे मीटर जाणं, बाराशे येणं, बारा मिनिटांच्या आत. लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. तिथे पहिल्याच आठवड्यात एवढं धावावं लागणार होतं आणि न जमणाऱ्याला घरी पाठवणार होते. तिची गाडी उद्या सकाळची होती. आज तिला बारा मिनिटं चाळीस सेकंद लागले. वर्षभरात ती एकदाही बाराच्या आत आली नव्हती. म्हणून सकाळीच 'मी येऊ शकत नाही' असं पत्र लिहून तिने वडिलांच्या हातात ठेवलं होतं. "शेवटचं एकदा धावून बघते," म्हणाली होती. "नाही जमलं तर टाकून द्या पेटीत."

"चाकातच खोट असणार," रंगारी म्हणाला. तो रस्त्यावर पांढरे पट्टे मारायला आला होता. त्याची बाराशेची खूण दगडाच्या बरीच अलीकडे पडली, म्हणून त्याने मुद्दाम पुन्हा मोजलं होतं. "तुमची आखणी चुकायची नाही, मास्तर. शाळेत माझ्याकडून एक रेघ चार वेळा पुसून घेतली होतीत, आठवतंय? बोटभर वाकडी होती म्हणून! थांबा, टेपच आणतो."

"नको," मास्तर म्हणाले. "चाक बरोबर आहे."

मुलगी सरळ उभी राहिली. "म्हणजे?"

रंगाऱ्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे ताई, जाऊन-येऊन तुम्ही दोनशेवीस मीटर जास्तीचे धावताय. मिनिटभराचं अंतर झालं की हो ते! तुम्ही तर केव्हाच पास आहात!" तो एकटाच खूश झाला होता. मग त्याने दोघांची तोंडं पाहिली आणि चाकावर वाळलेला रंग नखाने खरवडू लागला.

"बाबा, दगड तुम्ही रंगवलात."

"हो."

"मोजून?"

"मोजूनच."

तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने धावपट्ट्या आखल्या होत्या. टेप कुणाची मावशी नाही, ती लाड करत नाही, असं ते पोरांना सांगायचे. मुलीनेही ते त्याच मैदानावर ऐकलं होतं, इतर पोरांच्या रांगेत उभं राहून.

"मला वाटलं, दमशील," मास्तर म्हणाले. "आपणहून नको म्हणशील. म्हणजे मला नाही म्हणायची वेळ यायची नाही."

"रोज घड्याळ माझ्यापुढे धरायचात. 'उद्या होईल, बाळ' म्हणायचात."

"घड्याळ खरंच होतं."

"हो. घड्याळ खरं होतं."

तिने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"तोंडावर नाही म्हणायचं होतंत. भांडले असते. चार दिवस बोलले नसते तुमच्याशी. वर्षभर मी माझ्या पायांना शिव्या दिल्या, बाबा."

मास्तरांनी तिच्या बुटांकडे पाहिलं.

"पत्र द्या."

त्यांनी खिशातून पाकीट काढून दिलं. सकाळी तिने दिलं तेव्हा ते उघडं होतं. आता चिकटवलेलं होतं, तिकीटही लावलेलं होतं, कोपऱ्याला अगदी सरळ. तिने कडेवरून अंगठा फिरवला.

"मी धावायच्या आधीच चिकटवलंत."

तिने पाकिटाची घडी घालून ते स्वतःच्या खिशात कोंबलं.

"आता घड्याळ."

त्यांनी दोरी डोक्यावरून काढली. ती घड्याळ घेऊन रंगाऱ्याकडे वळली. "हे तुम्ही धरा."

"मी? मास्तर असताना मी कशाला..."

"तुम्हीच."

"अगं, आत्ता तर आलीस," मास्तर म्हणाले. "दम तरी घे."

ती फाटकाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, बाराशेवर मी पांढरी रेघ मारलीय," रंगारी म्हणाला. "तिथून वळा. ओली आहे, पाय तेवढा देऊ नका." त्याने घड्याळ दोन्ही हातांत धरलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं. "हं. पळा!"

रस्ता सरळ होता. दोघांना ती शेवटपर्यंत दिसत होती. पाय जड पडत होते, पण थांबत नव्हते. लहान होत होत ती पांढऱ्या रेघेपाशी पोचली आणि रेघेवरून उडी मारून पुढे गेली.

"अहो, पुढे गेली ती! ओ ताई! मागे राहिली खूण! वळा!"

"ओरडू नकोस," मास्तर म्हणाले. "ती नाही वळायची तिथे."

लांब, रस्त्याच्या कडेला, तिने पिवळ्या दगडाला वळसा घातला. सवयीने वेळ पाहायला मास्तरांचा हात छातीशी गेला, आणि तिथेच राहिला.