दगडी पलंगावरचं अंडं

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी अभयारण्यातल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या थडग्यात एकट्यानं शिरायचं आणि आत मृतांसाठी कोरलेल्या दोन दगडी पलंगांपैकी एकावर उकडलेलं अंडं ठेवून यायचं, ही गावातल्या सहा वर्षांच्या मुलांची रीत. मार्झिया दाराशी लेकीच्या पावलांचा कानोसा घेत उभी होती. एर्सिलिया हात झटकत बाहेर आली. “ठेवलं. आई, तू कुठल्या पलंगावर ठेवलं होतंस, डाव्या की उजव्या?” मार्झियाला थाप मारता आली असती, पंचवीस वर्षं तीच तर चालली होती. “मी आत गेलेच नव्हते गं. झुडपामागे बसून खाऊन टाकलं.” “मिठाशिवाय?” “मिठाशिवाय.” एर्सिलियानं टोपलीतलं शेवटचं अंडं आईच्या हातात दिलं. “आता जा. आत नुसता गारवा आहे. मी इथेच उभी आहे.” मार्झिया वाकून आत शिरली. अंधारात चाचपडत तिनं अंडं ठेवलं आणि आतूनच खणखणीत आवाजात सांगितलं, “उजव्या पलंगावर.”