बाटलीतलं पाणी

समुद्राचं पाणी आणायला गेलेला तिचा नवरा परत आलाच नाही. आली ती रिकामी होडी, आणि होडीत त्याने भरून ठेवलेली पाण्याची बाटली. त्या पाण्यातल्या एका जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, दोघं मिळून वाचणार होते. शोधपथकाने हात टेकले, तेव्हा ती मुकाट्याने प्रयोगशाळेत कामाला लागली. डोळ्यांत टिपूस नाही.

जिवाणू काही केल्या काचेच्या ताटलीत वाढेना, म्हणून तिने थेट त्या पाण्यातूनच डीएनए काढून तो वाचणाऱ्या मशीनला लावला. निकाल आला तसे प्रयोगशाळेचे प्रमुख सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"जीनोम जवळजवळ पूर्ण मिळालाय की. आणि हे मध्येच काय आलंय?"

"माणसाचा डीएनए आहे, सर. पुरुषाचा."

"बाटली भरताना कुणीतरी हातमोजे घातले नसतील," सर सहज बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"तो कधीच घालायचा नाही," ती म्हणाली. "मी किती कानीकपाळी ओरडायचे."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "जीनोम छापायचा तर एवढा भाग वगळावा लागेल गं."

"वगळते."

तिने तो भाग वेगळा काढला, पण पुसला नाही.

संध्याकाळी दार उघडता उघडता सासूबाईंनी विचारलं, "आज तरी त्याचं काही सापडलं का गं?"

 

"हो आई," चपला काढत ती म्हणाली, "थोडंसं सापडलं."