डावीकडचा श्वास

पोहण्याचे प्रशिक्षक शिर्के सरांनी सवय पुसणाऱ्या टोपीचा पट्टा वृंदाताईंच्या हनुवटीखाली आवळला.

“ताई, एकदा पुसलेली सवय परत येत नाही. विचार करा.”

“पन्नास मीटर पंचेचाळीस सेकंदांच्या आत येईन ना?”

“नक्की. प्रत्येक हाताला मान डावीकडे वळते, त्यातच वेळ जातो. बावन्न वर्षांच्या झालात आणि मान अजून कृष्णेतच!”

वृंदाताई हसल्या. सांगलीत नदीवर वडिलांचा नियम होता : बहिणींनी जोडीनेच पोहायचं आणि दर श्वासाला दुसरीचं डोकं पाण्यावर आहे ना, ते बघायचं. कुंदा कायम डावीकडे असायची. पन्नाशीनंतर पुन्हा स्पर्धेत उतरायचं दोघींनी ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी कुंदा आजारात गेली. आज पात्रतेची शेवटची फेरी होती.

टोपी दहा मिनिटं कोमट राहिली. दुखलं काहीच नाही.

मग पाण्यात हात सरळ जाऊ लागले. अंग डोलेना. श्वास तिसऱ्या हाताला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

“चव्वेचाळीस पूर्णांक दोन!” सर काठावरून ओरडले. “ताई, पात्र झालात!”

भिंत धरून धापा टाकताना वृंदाताईंना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी मान मुद्दाम डावीकडे वळवली. शेजारची लेन शांत होती.

कुंदा, नदी, वडिलांचा नियम, सगळं त्यांना आठवत होतं. फक्त तिकडे बघायचं, हे आता लक्षात ठेवावं लागणार होतं.