खेकड्यावर आक्षेप

धाकट्या जावेचा खेकडा पहिला आला. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू. थोरलीने तसंच धरलं आणि टाळ्या थांबायच्या आत हात वर केला.

"आक्षेप! डोळे चिकटवलेत."

कागदी घड्यांच्या त्या मंडळात नियम कडक होता. एकच चौकोनी कागद. कात्री नाही, डिंक नाही. कोणी आक्षेप घेतला तर वस्तू सगळ्यांसमोर उलगडायची. आजवर कोणी घेतला नव्हता. माणसाला लाजलज्जा असते.

स्वयंपाकात, बोलण्यात, सासूच्या मर्जीत धाकटीने थोरलीला कधीच मागे टाकलं होतं. उरला होता तो फक्त कागद. घरच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दरवर्षी पहिला आलेला नमुना बसायचा, म्हणजे थोरलीचा बेडूक बसायचा. साधासुधा, पाठ दाबली की टुणकन उडी मारणारा. आता तिथे हे नांग्यांचं कार्टं येऊन बसणार होतं.

परीक्षकांनी चिमटा हातात घेतला. एरवी ते दातांचे डॉक्टर, त्यामुळे उपटण्याचा हात सराईत. एकेक पाय सुटला, नांग्या गेल्या, डोळे सपाट झाले. थोरली पापणी न लववता बघत होती. शेवटी टेबलावर एक चुरगळलेला लाल कागद तेवढा उरला.

"एकही काप नाही, डिंकाचा थेंब नाही," परीक्षक म्हणाले. "नंबर कायम. फक्त प्रदर्शन उघडायच्या आत खेकडा परत उभा करा. नाहीतर नंबर बेडकाला."

धाकटी बसली. कागद मऊ पडला होता आणि ती संतापाने घड्यांवर घड्या दाबत होती. जे काही तयार झालं, त्यावरून नुकताच ट्रक गेला असावा. थोरली मनातल्या मनात कपाटाची काच पुसायला लागली.

"नांगी उलटी दुमडलीस," तिच्या तोंडून निघून गेलं.

"राहू द्या ताई. तुम्ही आपले बेडूकच करा. हे तुमच्या हातचं काम नाही."

झालं! थोरलीने कागद हिसकावला. चिमट्याने सोडवलेला एकेक पाय तिला उलट्या क्रमाने पाठ झाला होता. पाय आले, नांग्या आल्या, डोळे तर पहिल्यापेक्षाही बाहेर आले. खेकडा टेबलावर आपटून ती ओरडली, "हे घे! आता बोल, कोणाच्या हातचं काम?"

धाकटी टाळ्या वाजवत होती. सगळेच वाजवत होते. परीक्षकांनी खेकड्यासमोरची धाकटीच्या नावाची पाटी जरा सरळ केली आणि प्रदर्शनाचं दार उघडलं.

तासाभरात मंडळाकडे थोरलीचा अर्ज आला: "सदर खेकडा अत्युत्कृष्ट असून तो खाली सही करणारीनेच घडवलेला आहे. सबब, तो विनाविलंब पुन्हा उलगडण्यात यावा, ही नम्र विनंती."