दुसरी घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ताईबाईने नवऱ्याच्या, आबांच्या फोटोपुढे पितरांच्या दोन घागरी मांडल्या. फोटोला हार होता आणि एकाहत्तरच्या लढाईतलं शौर्यपदक. एक घागर त्यांची, ते गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षाची. दुसरी आबा दरसाल भरायचे, त्या लढाईत त्यांच्या हातून मेलेल्या शत्रूकडच्या कोवळ्या शिपायासाठी. यंदा आबांच्या मानाखातर तालुक्यातले माजी सैनिक जेवायला येणार होते. “आई, ती दुसरी आत ठेव,” मुलगा समाधान म्हणाला. “वैऱ्याची घागर पाहिल्यावर लोक आबांना नावं ठेवतील.” ताईबाई घागरीच्या गळ्याला सूत गुंडाळत राहिली. “लढनात आबा, आनि वैर तू पाळस का रे?” समाधानने आबांच्या घागरीवर कळशी कलती केली. तिने हात धरला. “आबा तं घरनाच. तो दूरना पाव्हना, पहिले त्याले.” त्याने दुसरी घागर आधी भरली आणि घागरींवर ठेवायच्या दोन खरबुजांपैकी मोठं डांगर तिच्यावर ठेवलं.