जायफळाचे तीन वेढे

सहाणेजवळ सहा जिन्नस होते: हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ आणि जायफळ. कुमुदिनीबाईंनी नातीला गुटी चाटवून तासभर झाला होता. तेवढ्यात पाळणा बोलला, "श्वास मिनिटाला वीस. कमी आहेत."

"उगाच बोंबलतो मेला. गाढ झोपलीये पोर," त्या म्हणाल्या.

सून मृण्मयी आतून धावत आली. "आई, जायफळाचे किती वेढे दिलेत?"

"तीनच. माझ्या निनादलाही तान्हा असताना तीनच द्यायचे मी."

"अहो, ते झाडाचं होतं. आता कुठे राहिलीत झाडं? हे टाकीत वाढवलेलं आहे, दसपट कडक!"

"वास तर अगदी तोच आहे गं..."

मृण्मयीने डॉक्टरांना बोलावलं आणि बाळाला उचलून तळपायावर टिचक्या मारल्या. तिसऱ्या टिचकीला बाळ रडलं.

डॉक्टर तपासून गेले, बाळ शांत झालं, तरी कुमुदिनीबाई पाळण्याजवळून उठल्या नाहीत. पाळण्यावर झळकणाऱ्या श्वासांच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाळाच्या पोटावर हात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या मिनिटभर पुटपुटत राहिल्या.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

पाळण्यावरही एकेचाळीसच होते.